लोधीखेड्याहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत : वकिलीची सनद कशी मिळवावी

लोधीखेड्याच्या शेताचा वाद 1956 पर्यंत उच्च न्यायालयात गेलाच, तर तो नागपूरला जायचा. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, नागपूर मुंबई राज्याला जोडले गेले आणि आपले उच्च न्यायालय जबलपूरला बसले. नागपूरचे मुख्य न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला हेच जबलपूरचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला आणि सौंसर तहसिलीसह लोधीखेडा त्यात गेले. जिल्हा बदलला तरी वरचे न्यायालय जबलपूरचेच आहे.

आपल्या भागातल्या पक्षकाराची अडचण मात्र जुनीच आहे. घरात मराठी, तहसिलीत हिंदी आणि वरच्या न्यायालयाचा निकाल बहुधा इंग्रजीत. शेत लोधीखेड्याला, बहीण महाराष्ट्रात सावनेरला दिलेली आणि भावाची नोकरी नागपुरात. इकडे खसरा आणि पटवारी, तिकडे सातबारा आणि तलाठी. इकडच्या जमिनीला 1959 ची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता लागते, तिकडच्या जमिनीला 1966 ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. इकडे नामांतरण, तिकडे फेरफार. दोन्ही बाजू जाणणारा आणि पक्षकाराचे म्हणणे त्याच्याच बोलीत ऐकून घेणारा वकील या पट्ट्याला हवा आहे. तो इथल्याच घरांतून तयार व्हावा, म्हणून सनद मिळवण्याची कृती पायरीपायरीने देत आहे.

आधी कायदा समजून घ्या

1961 च्या आधी देशात कायद्याचा व्यवसाय करणाऱ्यांचे अनेक वर्ग होते : अ‍ॅडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार. कोणी कोणत्या न्यायालयात उभे राहायचे, हे त्या वर्गावर ठरे. अधिवक्ता अधिनियम, 1961 ने हे वर्ग मोडून एकच वर्ग ठेवला. कलम 30 प्रमाणे राज्याच्या अधिवक्ता सूचीत नाव असलेल्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयासह देशातल्या सर्व न्यायालयांत वकिली करण्याचा हक्क आहे. हे कलम प्रत्यक्षात 15 जून 2011 पासून लागू झाले.

हा हक्क केवढा मोठा आहे, ते अमेरिकेकडे पाहिले की कळते. तिथे एका राज्याचा परवाना मिळाला म्हणून संघीय न्यायालयाचे दार उघडत नाही. प्रत्येक संघीय जिल्हा न्यायालयाच्या बारमध्ये वेगळा अर्ज करून शपथ घ्यावी लागते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयासाठी तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली किमान तीन वर्षांची नोंदणी आणि दोन शिफारसदार लागतात. आपल्याकडे सनद एकच. उच्च न्यायालयांचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे काही नियम तेवढे पाळावे लागतात. ते पुढे येतीलच.

पायरी 1 : कुठे वकिली करायची ते ठरवा

कलम 25 प्रमाणे, जिथे वकिली करायचा विचार आहे त्या राज्याच्या अधिवक्ता परिषदेकडे अर्ज करायचा असतो. पदवी कुठल्या राज्यातली आहे याला इथे महत्त्व नाही. नागपुरात एलएलबी केलेल्या लोधीखेड्याच्या मुलीला सौंसरला वकिली करायची असेल, तर तिचा अर्ज जबलपूरच्या मध्य प्रदेश राज्य अधिवक्ता परिषदेकडे जाईल. नागपूर किंवा सावनेरला बसायचे असेल, तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. एका वेळी एकाच राज्याच्या सूचीत नाव राहते, म्हणून घरच्यांशी बोलून हे आधी नक्की करा.

पायरी 2 : पदवी चालते का ते पाहा

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा विधी अभ्यासक्रम चालतो. प्रवेश घेण्याआधी या गोष्टी तपासा :

1. महाविद्यालयाला भारतीय विधिज्ञ परिषदेची, म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची, चालू मान्यता आहे का. मान्यता संपलेल्या वर्षात प्रवेश घेतला, तर नोंदणीच्या वेळी घोडे अडते.
2. पात्रता परीक्षेत पुरेसे गुण आहेत का. 2008 च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे खुल्या वर्गाला 45 टक्के, इतर मागासवर्गीयांना 42 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात.
3. दहावी, बारावी, पदवी हा क्रम सरळ आहे का. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्याला हे नियम विधी प्रवेशासाठी पात्र धरत नाहीत.
4. प्रशिक्षणाचे आठवडे भरतात का. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. त्यातला काही काळ सौंसरच्या एखाद्या अनुभवी वकिलाकडे काढा. पुढे सीनियर शोधण्याची वणवण वाचते.

पायरी 3 : कागदांवरचे नाव जुळवा

सीमेवरच्या मुलांचा सर्वात जास्त वेळ इथे जातो. मध्य प्रदेश मंडळाच्या अंकसूचीत नाव आणि आडनाव एका ओळीत असते, वडिलांचे नाव वेगळ्या ओळीत. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेत बहुधा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे, असे सगळे एकाच ओळीत येते. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडते. एकाच घरातले वानखडे एका कागदावर ‘डब्ल्यू’ने सुरू होतात, दुसऱ्यावर ‘व्ही’ने. कुठे वानखडे, कुठे वानखेडे. हिंदी अंकसूचीत ‘ळ’चा ‘ल’ होतो तो वेगळाच. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींच्या बाबतीत आणखी एक फरक वाढतो.

उपाय सोपा आहे, फक्त वेळेत केला पाहिजे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव पाया धरा. आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. विद्यापीठाच्या कागदात चूक असेल, तर पदवी प्रमाणपत्र छापले जाण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या. जे जुळतच नाही त्यासाठी ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे शपथपत्र करा. हे काम एलएलबीच्या शेवटच्या वर्षातच उरका. सनदेवर जे नाव छापले जाईल तेच आयुष्यभर वकालतनाम्यावर आणि निकालपत्रावर राहणार आहे.

पायरी 4 : स्वतःची पात्रता तपासा

कलम 24 प्रमाणे अर्जदार भारताचा नागरिक असावा आणि त्याने वयाची 21 वर्षे पूर्ण केलेली असावीत. कलम 24-अ प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किंवा अस्पृश्यतेविषयीच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, आणि नैतिक अधःपतनाच्या आरोपावरून सरकारी नोकरीतून काढलेल्याला, नोंदणी मिळत नाही. सुटकेपासून किंवा बडतर्फीपासून दोन वर्षे लोटल्यावर ही अपात्रता संपते. एखादा खटला चालू असेल तर अर्जात तो स्पष्ट लिहा. लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडली, तर मिळालेली नोंदणीसुद्धा जाऊ शकते.

नोकरी आणि धंद्याचेही नियम आहेत. पूर्णवेळ पगारी नोकरी करत वकिली करता येत नाही. नोकरी असेल तर आधी राजीनामा आणि कार्यमुक्तीचे पत्र. वकिलाला स्वतः धंदा चालवताही येत नाही. वडिलांचे कृषी सेवा केंद्र वारशाने आले, तर त्यातला हिस्सा ठेवता येतो, पण गल्ल्यावर बसून कारभार पाहता येत नाही. विधी महाविद्यालयात दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवण्याची मुभा आहे.

पायरी 5 : अर्ज करा, फी नेमकी तेवढीच भरा

अर्जाचा चालू नमुना परिषदेकडूनच घ्या. साधारणपणे ही कागदपत्रे तयार ठेवावी लागतात :

- दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
- विधी अभ्यासक्रमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी किंवा तात्पुरते प्रमाणपत्र
- आधार, रहिवासाचा पुरावा आणि लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र
- नोकरी, धंदा आणि फौजदारी प्रकरणांविषयीचे शपथपत्र
- ओळखीच्या वकिलांनी दिलेले चारित्र्य प्रमाणपत्र
- काळा कोट आणि पांढरा बँड घातलेले फोटो

आता फीविषयी. कलम 24(1)(फ) प्रमाणे नोंदणी फी राज्य परिषदेला 600 रुपये आणि भारतीय विधिज्ञ परिषदेला 150 रुपये, अशी एकूण 750 रुपये आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 100 आणि 25, म्हणजे एकूण 125 रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळे. अनेक राज्यांत ‘विविध शुल्क’ म्हणून हजारो रुपये घेतले जात होते. 30 जुलै 2024 रोजी गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. आधी भरलेले पैसे परत मिळणार नाहीत, पण त्या दिवसानंतरच्या नोंदणीला हा निकाल लागू आहे.

संत्र्याच्या हंगामावर वर्षाचा खर्च चालवणाऱ्या घराला 750 रुपये आणि काही हजार यांतला फरक मोठा आहे. म्हणून मध्यस्थाच्या हातात पैसे देऊ नका. अर्ज स्वतः भरा, रक्कम परिषदेच्या नावानेच भरा आणि पावती जपून ठेवा. कोणी जास्त मागितले, तर कोणत्या नियमाखाली ते लेखी विचारा.

पायरी 6 : पडताळणी आणि सनद

अर्ज नोंदणी समितीपुढे जातो. पदवीची पडताळणी विद्यापीठाकडून होते. पदवी परराज्यातली असेल, तर पत्रव्यवहाराला वेळ लागतो हे गृहीत धरा. समितीला अर्ज नाकारावासा वाटला, तर तो परस्पर फेटाळता येत नाही. कलम 26 प्रमाणे कारणांसह भारतीय विधिज्ञ परिषदेचे मत घ्यावे लागते. सगळे नीट असेल तर नाव सूचीत चढते आणि कलम 22 खाली नोंदणी प्रमाणपत्र मिळते. हीच सनद.

सनद हातात आली की तीन कामे लगेच करा. नाव, वडिलांचे नाव आणि तारीख बारकाईने वाचा. प्रती काढून मूळ कागद सुरक्षित ठेवा. नोंदणीची तारीख वेगळी लिहून ठेवा, कारण पुढची सगळी मोजणी तिथून सुरू होते. दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने पुन्हा आणली. तो काळ बार परीक्षेआधीच्या या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरला जातो.

सनद नसताना न्यायालयात वकील म्हणून वावरणे हा कलम 45 खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ‘अर्ज केला आहे, मिळेलच’ म्हणून कोट घालून उभे राहू नका.

पायरी 7 : अखिल भारतीय बार परीक्षा

ही परीक्षा पहिल्यांदा 6 मार्च 2011 रोजी झाली. ती कायदेशीर आहे की नाही हा वाद घटनापीठापुढे गेला आणि 10 फेब्रुवारी 2023 रोजी पीठाने ती वैध ठरवली. नोंदणीपासून दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावे लागते. त्यानंतरच वकिलीचे कायम प्रमाणपत्र मिळते. शेवटच्या सत्राच्या विद्यार्थ्यांनाही बसू देण्याचा मार्ग 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मोकळा झाला. शक्य असेल तर तेव्हाच देऊन टाका.

पेपर 100 बहुपर्यायी प्रश्नांचा, वेळ तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या आणि इतर मागासवर्गाला 45 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के. टिपा नसलेले मूळ कायद्याचे पुस्तक सोबत नेता येते. पेपर मराठीतही देता येतो. ज्या भाषेत कायदा शिकलात तीच निवडा.

अभ्यासात संविधान, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि फौजदारी प्रक्रिया यांना आधी वेळ द्या, कारण जास्त प्रश्न तिथले असतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. जुनी पुस्तके घेऊन बसू नका. कायद्याचे पुस्तक उघडून कलम पटकन सापडणे हीच या परीक्षेची तयारी आहे, आणि न्यायालयातही तीच सवय उपयोगी पडते.

पायरी 8 : सौंसरला उभे राहा

सौंसरचे न्यायालय छिंदवाडा जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत चालत आले आहे. तिथल्या अधिवक्ता संघाचे सदस्य व्हा, सीनियरकडे बसा आणि पहिले वर्षभर ही कामे हाताने करा : वकालतनामा भरणे, नक्कल मिळवणे, तलवाना (समन्स बजावणीचे शुल्क) भरणे, पेशीची डायरी ठेवणे, हिंदी आदेशपत्रिका वाचणे.

वकालतनामा म्हणजे पक्षकाराने तुमच्यावर टाकलेला विश्वास आहे. त्यावर पक्षकाराची सही किंवा अंगठा, तुमची स्वीकृतीची सही, नोंदणी क्रमांक, न्यायालय शुल्क आणि अधिवक्ता कल्याण निधीचे तिकीट लागते. सही घेण्याआधी मजकूर पक्षकाराला मराठीत समजावून सांगा. आजीबाईंना हिंदी वाचता येत नसेल, तर ओळ न् ओळ सांगा. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नका.

पोशाखाचा नियम लक्षात ठेवा. काळा कोट आणि पांढरा बँड सगळीकडे चालतो. तालुक्याच्या न्यायालयात बँडऐवजी काळा टायही चालतो. गाऊन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा आहे, इतरत्र ऐच्छिक. जाहिरात करायला मनाई आहे. घरावर साधी नावाची पाटी पुरे.

पायरी 9 : जबलपूर

छिंदवाडा आणि पांढुर्णा जबलपूरच्या मुख्य पीठाच्या क्षेत्रात येतात. मध्य प्रदेशच्या सूचीत नाव असल्यावर इथे वेगळी सनद लागत नाही. मध्य प्रदेशात 1971 पासून उच्च न्यायालयाच्या कामकाजात हिंदीला परवानगी आहे, तरी निकाल मुख्यतः इंग्रजीत येतात. इंग्रजी वाचन पक्के करा. सुरुवातीला जबलपूरच्या एखाद्या वकिलासोबत मिळून प्रकरण लढवा.

पायरी 10 : सावनेर आणि नागपूर

मध्य प्रदेशची सनद असलेला वकील कलम 30 मुळे महाराष्ट्रातही उभा राहू शकतो. मात्र कलम 34 प्रमाणे उच्च न्यायालयांना अटी घालता येतात. बाहेरच्या वकिलाने स्थानिक वकिलासोबत वकीलपत्र द्यावे, असा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये जमशेद अन्सारी खटल्यात योग्य ठरवला. म्हणून नागपूर खंडपीठात प्रकरण दाखल करण्याआधी तिथल्या रजिस्ट्रीत चालू नियम विचारा आणि स्थानिक वकिलाचे नाव सोबत ठेवा. सावनेरच्या न्यायालयात कामकाज मराठीतून होते. तिथे आपली भाषा हीच तुमची जमेची बाजू.

मुक्काम कायमचा नागपूरला हलवायचा असेल, तर कलम 18 खाली भारतीय विधिज्ञ परिषदेकडे अर्ज करून नाव महाराष्ट्राच्या सूचीत नेता येते. त्याला कायद्याने फी नाही. शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, तर अर्ज नाकारला जाऊ शकतो.

पायरी 11 : दिल्ली

सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद कोणताही वकील करू शकतो, पण प्रकरण दाखल करणे आणि त्यावर सही करणे हे काम अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डचे आहे. बाकीच्यांनी त्याच्यामार्फत उभे राहायचे. स्वतः तसे व्हायचे असेल, तर सर्वोच्च न्यायालय नियम, 2013 प्रमाणे :

1. प्रशिक्षण सुरू करताना सूचीत नाव येऊन किमान 4 वर्षे झालेली असावीत.
2. 10 वर्षांचा अनुभव असलेल्या अ‍ॅडव्होकेट-ऑन-रेकॉर्डकडे 1 वर्ष प्रशिक्षण घ्यावे.
3. चार पेपर द्यावेत : कार्यपद्धती, मसुदालेखन, वकिलीची नीतिमत्ता आणि महत्त्वाचे निवाडे. प्रत्येकात किमान 50 टक्के आणि एकूण 60 टक्के गुण लागतात.
4. दिल्लीत न्यायालयापासून 16 किलोमीटरच्या आत कार्यालय ठेवावे आणि नोंदणीनंतर एका महिन्यात नोंदणीकृत लिपिक नेमावा.

दिल्लीपर्यंतचा रस्ता आपल्या बाजूच्या माणसांनी चालून दाखवला आहे. नागपूरच्या वकिलीतून आलेले शरद बोबडे 2012 मध्ये मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती आणि 2019 मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. अमरावतीत जन्मलेल्या आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेल्या भूषण गवईंनी 14 मे 2025 रोजी ते पद स्वीकारले.

शेवटी पालकांना आणि मुलांना

सौंसरच्या न्यायालयात उभा राहणारा वकील आणि दिल्लीत उभा राहणारा वकील, दोघांची सनद एकाच कायद्याने दिलेली असते. तिची फी 750 रुपये आहे आणि ती मिळवायला ओळख किंवा वशिला लागत नाही. लोधीखेड्यातल्या ज्या घरात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घराने याच आठवड्यात दहावीची अंकसूची, पदवीची गुणपत्रिका आणि आधार शेजारी ठेवून तिन्ही कागदांवरचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे, आणि फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज लगेच द्यावा.